वस्तीच्या गाडीने सिंधुदुर्ग

संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला मालवण, वेंगुर्ले किंवा देवगडच्या स्टँडवरून जी लाल गाडी एखाद्या खेड्याकडे सुटते, ती बहुतेकदा त्या रात्री परत येत नाही. शेवटच्या वाडीतल्या शाळेसमोर किंवा देवळाजवळ ती उभी राहते. चालक-वाहक गावातच जेवतात, तिथेच पाठ टेकतात. पहाटे उजाडायच्या बेताला तीच गाडी कॉलेजची मुलं, भाजी-मासळीच्या टोपल्या आणि दवाखान्याला, कचेरीला निघालेली माणसं घेऊन तालुक्याकडे वळते. हिला वस्तीची गाडी म्हणतात. स्वतःचं वाहन न घेता, बेताच्या पैशांत सिंधुदुर्ग बघायचा असेल तर आधी ही गाडी समजून घ्यावी लागते. बाकीचं सगळं तिच्यामागून येतं.

पर्यटकाचा दिवस आणि गावाचा दिवस उलटे चालतात. पर्यटक शहरवजा गावात खोली घेतो, सकाळी किनाऱ्याकडे निघतो आणि सूर्य बुडाला की परत फिरतो. एसटी सकाळी किनाऱ्याकडून तालुक्याला येते आणि संध्याकाळी तालुक्याकडून किनाऱ्याला जाते. त्यामुळे ‘कोकणात गाडीशिवाय काही खरं नाही’ असं सांगणारे बरेच जण प्रत्यक्षात एवढंच सांगत असतात, की आम्ही उलट्या दिशेने गाडी शोधली आणि ती मिळाली नाही. मला गाडी चालवता येत नाही. वीसेक वर्षं मी या जिल्ह्यात एसटी, रेल्वे, होडी, रिक्षा आणि पायांवर फिरते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: जे गाव बघायचं, त्या गावात झोपायचं. संध्याकाळच्या गाडीने जायचं आणि एक-दोन रात्री राहून सकाळच्या गाडीने निघायचं. एवढं केलं की गाडीचं घड्याळ आपल्या बाजूने चालू लागतं.

गाड्यांची वेळ अशी का, आणि रेल्वे आली तरी एसटी का सुटत नाही, हे कळायला जमीन बघावी लागते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ साली त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं गेलं. आठ तालुके आणि सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची पट्टी अरुंद, पण ती आडवी चिरली गेली आहे. वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल या नद्या पूर्वेकडून पश्चिमेला येतात, मुखाशी खाड्या होतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये कातळाचा सडा उभा राहतो. किनाऱ्याने सरळ जाणं म्हणजे दर थोड्या अंतराने पाणी ओलांडणं. गावंही एका जागी गोळा झालेली नाहीत. वाड्या दोन-तीन किलोमीटर पसरलेल्या, मध्ये व्हाळ, माडाची बाग, चिऱ्यांचे गडगे.

कोकण रेल्वेने या खाड्यांच्या मुखांपासून लांब, आतून वाट काढली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला आणि मुंबईच्या चाकरमान्यांचा रात्रभराचा घाटरस्ता सुटला. पण रेल्वे आतून गेल्यामुळे स्टेशन आणि समुद्र यांच्यामध्ये पंचवीस ते पन्नास किलोमीटर राहिले. नवख्या माणसाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ आहे, तिथे उतरल्यावर गाव बहुधा अजून पुढे असतं. राजापूर रोडपासून राजापूर शहर पंधराएक किलोमीटरवर आहे, सावंतवाडी रोडपासून सावंतवाडीही काही किलोमीटर दूर आहे. दुसरी गोष्ट, सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयापाशी आहे. सिंधुदुर्ग किल्ला तिथे नाही, तो मालवणच्या समुद्रात आहे. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवलीला उतरावं, देवगड-विजयदुर्गसाठी कणकवली, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. कुडाळ आणि कणकवली ही स्टेशनं गावालाच लागून आहेत. बिनगाडीच्या माणसाला याचा फार मोठा आधार आहे.

आता गाड्या. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या सकाळी पोचवते, म्हणजे पुढच्या एसटीसाठी सबंध दिवस हाताशी असतो. सकाळी निघणारी मांडवी दुपार कलल्यावर कुडाळला येते. हिच्या जेवणाची ख्याती मोठी आहे, पण मला ती आवडते ती वेगळ्या कारणाने. तिच्यातून उतरून स्टँड गाठला की खेड्यांकडे निघणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या समोर उभ्या असतात. दादर-सावंतवाडी तुतारी एक्स्प्रेस रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणून तिचं तिकीट काढताना तारखेचा घोळ होतो. ज्या रात्री घरून निघायचं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख तिकिटावर लागते. दिवा-सावंतवाडी ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सावकाश. जागा मिळाली तर खिडकीतून कोकण बघायला हिच्यासारखी दुसरी गाडी नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गणपती, शिमगा आणि मे महिना यांसाठी त्या साठाव्या दिवशीच बसावं लागतं. पावसाळ्यात या मार्गावर दरडींच्या धोक्यामुळे वेग कमी केलेला असतो आणि वेगळं वेळापत्रक लागतं. स्टेशनावर पोचण्याची वेळ पुढे सरकते आणि नेमकी संध्याकाळची एसटी निसटते. पावसाळ्यात म्हणूनच पहिली रात्र स्टेशनाच्या गावातच काढणं शहाणपणाचं.

कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडच्यांना रेल्वेचा उपयोग कमी. त्यांच्यासाठी आंबोली, फोंडा, गगनबावडा हे घाट आणि त्यांतून उतरणारी एसटी. रात्रीपेक्षा दिवसाची गाडी घ्यावी, कारण घाट उतरताना हवा, झाडं आणि मातीचा रंग बदलत जातो आणि आपण कोकणात केव्हा शिरलो ते अंगालाच कळतं.

खर्चाचा हिशेब साधा आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा एक टप्पा दहा रुपयांच्या आसपास पडतो. म्हणजे कुडाळ ते मालवण पन्नासएक रुपये. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्याच्या हद्दीत निम्मं भाडं आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. आजी, आई, मुलगी आणि नात अशा चौघी निघाल्या तर आठवडाभराचा एसटीचा खर्च एका दिवसाच्या भाड्याच्या गाडीपेक्षा कमी येऊ शकतो. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास मात्र या प्रकारच्या फिरण्याला परवडत नाही असं माझं मत आहे. तो रोज लांब पल्ला मारणाऱ्यासाठी चांगला. दोन-दोन रात्री एका गावात काढणाऱ्याचे पैसे त्यात वसूल होत नाहीत. ज्या बाईला आधीच निम्मं भाडं लागतं तिचे तर नाहीतच.

खरी अडचण पैशांपेक्षा माहितीची आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या फोनवर दिसतात, त्यांचं आरक्षणही होतं. पण तिरवड्याला, निवतीला, वायंगणीला जाणारी गाडी केव्हा, हे फोनला नीट माहीत नसतं. ते स्टँडवरच्या फलकावर असतं आणि त्याहून खरं ते कंट्रोलरच्या खिडकीत असतं. गावात पाय ठेवल्याबरोबर मी त्या फलकाचा फोटो काढते आणि मग खिडकीत जाऊन विचारते, यातली आज कुठली नाही? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. गाडीच्या पाटीवर शेवटच्या गावापेक्षा ‘मार्गे’नंतरचा शब्द नीट वाचावा. कुडाळहून मालवणला जाणारी एक गाडी नेरूरपार-धामापूरवरून जाते, दुसरी कसालकडून. पोचतात दोन्ही, पण दोन्हींच्या खिडकीतून दिसणारा मुलूख वेगळा. आणि उतरायचं ठिकाण विचारताना फाटा, तिठा हे शब्द कानात ठेवावेत. तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. इथे निम्मे पत्ते तिठ्यावरूनच सांगितले जातात.

वाहकाशी बोलावं. एकदा भर दुपारी एका तिठ्यावर उतरताना मी परतीची गाडी विचारली, तर वाहकाने घड्याळही न बघता सांगितलं, “आता ती वस्तीचीच येतली. ती हयसर ऱ्हवता, परत जायना.” त्या एका वाक्याने माझा बेत बदलला. मी त्या रात्री तिथेच राहिले. घरमालकिणीने खळ्यात बसवून घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. पहाटे तीच गाडी, तोच वाहक.

कुठून सुरुवात करावी, यावर माझं उत्तर कुडाळ. मुक्कामाला नव्हे, उतरायला. स्टेशनापासून जवळच पिंगुळी आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ इथे पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कलेसाठी पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या कुटुंबाने उभं केलेलं छोटं संग्रहालय रिक्षाने सहज गाठता येतं. सकाळच्या रेल्वेने उतरून पिंगुळी बघायची आणि दुपारी धामापूरमार्गे मालवणची गाडी धरायची, हा दिवस अगदी बिनघाईचा जातो. धामापूरचा तलाव १५३० च्या सुमाराचा, काठावर भगवतीचं देऊळ. सिंचनाचा वारसा म्हणून २०२० साली त्याची जागतिक पातळीवर नोंद झाली. गाडी तलावाजवळूनच जाते. पुढच्या गाडीची वेळ विचारून ठेवली असेल तर मध्ये उतरावं. काठावर झाडी इतकी दाट आहे, की दुपारचं ऊन पाण्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोचतं.

मालवण हे बिनगाडीच्या माणसासाठीच वसवलं असावं असं वाटतं. स्टँड, बाजार, धक्का, चिवला किनारा, सगळं चालत. धक्क्यावरून किल्ल्यावर माणशी तिकिटाची होडी मिळते, सबंध होडी भाड्याने घ्यावी लागत नाही. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं देऊळ आहे आणि काही कुटुंबं आजही आत राहतात. होडीवाले परतीला ठरावीक वेळ देतात आणि ती अपुरी पडते. निघतानाच ‘आम्हाला उशीर लागेल, नंतरच्या होडीने येऊ’ असं सांगितलं तर सहसा कुणी अडवत नाही. जूनपासून पावसाळाभर होड्या बंद. त्या दिवसांत किल्ला काठावरूनच बघायचा.

तारकर्ली आणि देवबाग मालवणपासून जवळ. रस्ता जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. गाड्या आणि रिक्षा दोन्ही मिळतात, म्हणून संध्याकाळचं बंधन इथे थोडं सैल आहे. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की पलीकडे भोगवे इतकं जवळ दिसतं, की हाक मारावी. रस्त्याने जायचं तर आत जाऊन पूल गाठून परत किनाऱ्याला यावं लागतं. होडीने ते काही मिनिटांचं काम. पूर्वी अशा प्रत्येक खाडीवर तर असे. ‘तरीवर’ जाणं हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. पूल झाले आणि तरी बंद पडल्या. गाडीवाल्याची सोय झाली, पायी माणसाचा वळसा वाढला. देवबागला आजही होडीवाल्याशी बोलून पलीकडे जाता येतं. तिथे गेल्यावर मात्र रात्र भोगव्यातच काढावी. शेवटची गाडी सूर्यास्ताची वाट बघत नाही.

सूर्यास्त आणि शेवटची गाडी ही या भागातली कायमची रस्सीखेच आहे, आणि ज्याला रोज तालुक्याच्या खोलीवर परतायचं आहे तो ती रोज हरतो. कुणकेश्वरला मी हे फार वेळा पाहिलं आहे. देऊळ समुद्राला लागून, पश्चिमेला मोकळं. देवगडहून दिवसभरासाठी आलेली माणसं उन्हं उतरायच्या आतच घड्याळ बघून निघतात. तिथेच राहिलेल्यांना संध्याकाळचा तो मोकळा किनारा आणि पहाटेची काकड आरती दोन्ही मिळतं. विजयदुर्गचं तसंच. इथे एसटीचं आगार आहे आणि स्टँडपासून किल्ल्याचा दरवाजा चालत काही मिनिटांवर. सार्वजनिक वाहनाने थेट दाराशी पोचवणारा इतका मोठा किल्ला महाराष्ट्रात विरळा. तरी बहुतेक लोक भाड्याच्या गाडीने येतात, तासाभरात तटावरून फिरतात आणि जातात.

दक्षिणेकडचा माझा आवडता मार्ग वेंगुर्ले-शिरोडा-रेडी-तेरेखोल. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, तिचे अवशेष आहेत. बंदर, दीपगृहाची टेकडी आणि जुनी बाजारपेठ चालत बघता येते. पुढे आरवलीला वेतोबाचं देऊळ रस्त्यालगत आहे. नवसाची केळी आणि मोठाल्या चपला वाहायला आलेली माणसं गाडीतच भेटतात. शिरोड्याला मिठागरं आहेत. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिक्षक होते. रेडीचा गणपती खाणीच्या परिसरात १९७६ साली सापडला. तिथून रिक्षाने किंवा सकाळच्या गारव्यात पायी तेरेखोल. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचा. खाली धक्क्यावर केरीला जाणारी गोवा सरकारची फेरीबोट लागते, तिच्यात पायी माणसाला तिकीट नसतं. पलीकडे उतरलं की पेडणे, म्हापशाकडच्या बस. एका दिवसात दोन राज्यं, एक किल्ला, एक नदी, आणि खर्च एका साध्या जेवणाइतका. एवढं लक्षात ठेवावं, की महिलांची एसटी सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच.

समुद्राचा कंटाळा आला तर आंबोली. सावंतवाडीहून कोल्हापूर-बेळगावकडे जाणाऱ्या गाड्या घाटातूनच जातात, म्हणून इथे गाड्यांची वाण नाही. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी वाहनांची रांग लागते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. हिरण्यकेशीचा उगम स्टँडपासून चालत जाण्याजोगा आहे. तिथल्या कुंडातल्या छोट्या माशाची ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी जात २०२० मध्ये नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पावसाळी रात्री इथली खरी वस्ती बेडकांची असते. ते ऐकायचे तर रात्र इथे काढायला हवी, म्हणजे पुन्हा तोच नियम.

उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्याकडे एक नजर टाकते, कारण तिथे खाड्यांवर मोठ्या फेरीबोटी चालतात: बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या वाहनं नेण्यासाठी असल्या तरी पायी माणसालाही अगदी थोडक्या पैशांत घेतात. गुहागरहून हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड आणि पुढे मालगुंड-गणपतीपुळे हा प्रवास त्यामुळे जमतो. मालगुंड हे केशवसुतांचं गाव. त्यांच्या ‘तुतारी’वरूनच सावंतवाडीच्या गाडीला २०१७ साली नाव दिलं गेलं. अडचण एवढीच, की बोट धक्क्याला लागते आणि एसटी धक्क्यापासून लांब किंवा तासाभराने असते. बोटीतले गाडीवाले उतरून निघून जातात आणि पायी माणूस धक्क्यावर उरतो. बोटीच्या आणि एसटीच्या वेळा एकाच फलकावर लिहिल्या आणि दिवसातल्या तीन-चार फेऱ्या एकमेकींना जुळवल्या, तर एक रुपयाही न घालता हा सबंध किनारा बिनगाडीच्या माणसाला मोकळा होईल. इतकी साधी गोष्ट आजवर झालेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

राहण्याखाण्याचं फार सांगायला नको. घरगुती खोल्या आता जवळजवळ प्रत्येक किनारी गावात आहेत. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेतली घरं, तारकर्ली-गणपतीपुळ्यातली त्यांची निवासस्थानं, देवस्थानांचे भक्तनिवास असे पर्याय आहेत. खोली ठरवताना ‘समुद्र किती जवळ’ यापेक्षा ‘एसटीच्या थांब्यापासून किती चालायचं आणि वाटेत घाटी आहे का’ हे विचारावं. पाठीवर सामान घेऊन भर दुपारी घाटीच्या पायऱ्या चढणं सोपं नाही. जेवण घरगुती खानावळीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी महाग आणि थोडी. त्या दिवसांत खाडीचे मासे, सुकी मासळी, किंवा सरळ शाकाहार. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर मासळीची आठवणही होत नाही.

फोनवरून बोलावण्याची टॅक्सी या भागात धरून चालू नये. रिक्षा आहे, पण मीटर नाही, भाडं आधी ठरवायचं. आणि काही जागा बिनगाडीच्या माणसाला खरोखरच अवघड आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली शिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत हे ठिकाण आहे. पण तिथे पोचायला रिक्षा सांगावीच लागते, आणि सड्यावर सावली नाही. गुडघे दुखणाऱ्यांना एसटीची उंच पायरी त्रासाची, आणि लांबच्या वाड्यांतून रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर गावातल्या कुणाची तरी गाडी मागावी लागते. लहान मूल किंवा फार थकलेलं माणूस बरोबर असेल तर मालवणसारखं एकच ठिकाण धरावं आणि फिरण्याची हाव ठेवू नये.

सुट्टीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. खेड्यातल्या कित्येक फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेवर बांधलेल्या आहेत. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि अनेक वाड्यांना दिवसातून दोनदा का होईना गाडी येते ती या मुलींमुळे. शाळांना सुट्टी लागली की यांतल्या बऱ्याच फेऱ्या थांबतात. म्हणजे मे महिन्यात आणि दिवाळीत, जेव्हा पाहुणे सर्वांत जास्त येतात, नेमक्या तेव्हाच खेड्यांच्या गाड्या सर्वांत कमी. गणपतीत आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत जादा गाड्या सुटतात, पण त्या मुख्य रस्त्यांवर. म्हणून माझी शिफारस नोव्हेंबर-डिसेंबर, दिवाळीची सुट्टी संपल्यावरची, किंवा जानेवारी-फेब्रुवारी. शाळा चालू, होड्या चालू, हवा गार, खोल्या स्वस्त.

एक गोष्ट मला सतत टोचत राहते. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला, त्याआधी टाळेबंदी होती. या दोन्हींत खेड्यांतल्या लोकांनी आपापली सोय लावून घेतली. ज्याला जमलं त्याने दुचाकी घेतली. गाडी रिकामी धावू लागली की फेरी तोट्यात दिसते आणि तोट्यातली फेरी कमी होते. मग ज्या आजीला दुचाकीवर बसता येत नाही, ज्या मुलीचं कॉलेज बावीस किलोमीटरवर आहे, त्यांची वाट बंद होते. आपण पाहुणे म्हणून जातो आणि गाडी नाही म्हणून कुरकुरतो, तेव्हा आपण आणि ती आजी एकाच थांब्यावर उभे असतो. पर्यटन जिल्हा म्हणून इतक्या वर्षांत रस्ते रुंद झाले आणि चिपीला विमानतळही झाला, तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्याच काळात वस्तीच्या गाडीकडे पाहुण्यांची सोय म्हणून कुणी बघितलं नाही. संध्याकाळच्या गाडीत रोज पाच-सहा पाहुणे बसले, तर त्यांच्या तिकिटाने ती फेरी टिकायला हातभार लागेल. खेड्यात एक खोली भाड्याने जाईल आणि त्या पाहुण्यांना एकही गाडी भाड्याने घ्यावी लागणार नाही.

जत्रांचे दिवस असतील तर या सगळ्यात आणखी एक जमतं. कार्तिकानंतर गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि त्या रात्री दशावतार असतो. संध्याकाळच्या गाडीने गावात जावं. पालखी फिरून झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमाराला पडद्यावाचून, एका बाकड्याच्या आधाराने नाटक सुरू होतं. शेजारी बसलेली बाई खाजं पुढे करते, कुणीतरी गोधडीचं एक टोक आपल्या पायांवर टाकतं. राजा रागावतो, राक्षस किंचाळत येतो, पोरं आईच्या कुशीत शिरतात. उजाडताना दहीकाला होतो, हंडी फुटते. देवळाच्या पाठीमागे तोवर वाहकाने काच पुसायला घेतलेली असते आणि चालकाने इंजिन चालू करून ठेवलेलं असतं. रात्रभर जागलेली माणसं डोळे चोळत त्याच गाडीत चढतात. खिडकीची जागा तेव्हा हमखास मिळते, कारण बाकीच्या सगळ्यांना झोपायचं असतं.